नैसर्गिक अधिवास

साप पकडल्याची बातमी तालुक्याच्या पेपरात आली की तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : 'त्यानंतर सर्पमित्रांनी सापास नैसर्गिक अधिवासात सोडले.' इंदापूर आणि बारामती तालुक्यांपुरता या नैसर्गिक अधिवासाचा पत्ता दीपकला माहीत होता, कारण तो त्यानंच ठरवला होता. वालचंदनगरहून बारामतीकडे जाताना डाव्या हाताला एक माळ लागतो. मुरूम, कुसळी गवत, चार बोरी आणि पाण्याची एक टाकी, जिच्यात पाणी कधीच नव्हतं. ऊस नाही, वस्ती नाही, म्हणजे तक्रार करायलाही कोणी नाही. सापाला याहून सुरक्षित जागा कोणती?

दीपक वालचंदनगरच्या कंपनीत ड्रॉइंग सेक्शनला होता आणि क्वार्टरमध्ये राहायचा. क्वार्टरमधली माणसं सुट्टीच्या दिवशी पत्ते खेळतात, कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर मुलांच्या पॅकेजबद्दल बोलतात. दीपक हूक लावलेली काठी घेऊन उसाच्या बांधानं साप शोधत फिरायचा. सोबत शाळेपासूनचा मित्र सरदार. त्याचं बाजारात मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारींपेक्षा साप कमी चावरे, असं त्याचं मत होतं आणि त्याला ते स्वानुभवानं बनवावं लागलं होतं.

ऊसतोड सुरू झाली की मात्र शोधायला जावं लागत नसे. फड रिकामा होत आला की साप घरात शिरत आणि फोन वाजत. दीपक साप धरून बरणीत घाली. मग घरातली बाई बरणीला हळदकुंकू लावी, हात जोडी आणि देवाला सांगावं तसं सांगे, "बाबा, पुन्यांदा येऊ नगंस." त्यानंतर घरधनी विचारी, "कुठं सोडणार?" बांधापलीकडे असं उत्तर दिलं तर बांधापलीकडचा शेतकरी कोयता घेऊन उभा राही. माळावर म्हटलं की सगळ्यांचे चेहरे मोकळे होत. अशा रीतीनं दोन तालुक्यांच्या एकमतानं माळ ठरला होता. इथं दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर एकमत झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

सोडण्याआधी दीपक प्रत्येक सापाच्या शेपटीवर नेलपेंटचा एक ठिपका द्यायचा. तोच साप पुन्हा सापडला तर कळावं, एवढंच शास्त्र. नेलपेंट मुलीचं, स्वरालीचं. ती शाळेत होती तेव्हा ठिपके गुलाबी होते, मग काही दिवस लालसर. आता ती बारामतीला कॉलेजात होती आणि ठिपके जांभळे झाले होते. ठिपक्याचा साप मात्र पुन्हा कधीच सापडला नाही. दीपकला याचा अभिमान होता. "कात टाकली की ठिपका जातो," तो सगळ्यांना सांगायचा, "आणि माळावर ते इतके सुखात आहेत की परत यायचं नावच काढत नाहीत."

यंदा माळाखालच्या गावाच्या ग्रामसभेत विषय निघाला की माळ सोलरच्या पॅनेलांना द्यायचा. दीपक उठून उभा राहिला. हा माळ म्हणजे सापांचं घर आहे, इतक्या वर्षांत आपण इथं शेकड्यानं साप सोडलेत, ते कुठं जाणार, असं तो पोटतिडकीनं बोलला. मागच्या बाकावरून एकानं टाळ्याही वाजवल्या, पण तो दुसऱ्या विषयावर आला होता.

सरपंच दिग्विजय तरुण होता आणि वाईट नव्हता, ही अडचणच होती. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"दीपकराव, आमी बी तेच धरून चाललो व्हतो," तो म्हणाला. "म्हून तर माळावर कोण शेरडं नेत न्हाय. पर मोजणीची पोरं दिवाळीपासनं तितंच तंबू ठोकून झोपत्यात. उघड्यावर. एकाला साप दिसला न्हाय."

"साप दिसत नाही म्हणजे नसतो असं नाही."

"आवो, शेकड्यानं सोडल्यात म्हनता ना? मग एक दाखवा. एकच. रविवारी वनखात्याचं साहेब घेऊन येतो. दिसला तर पॅनेल खालच्या गायरानात. आपला शबूद."

दीपकनं हसत होकार दिला. एक साप! भाकरी दाखवा म्हटल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दीपक आणि सरदार कामावर जायच्या आधी माळावर. दगड उलटे केले. बोरींची खोडं बघितली. टाकीच्या पायाच्या फटीत काठी घातली. बिळं होती, पण त्यांच्या तोंडावर कोळ्यांनी निवांत जाळी विणलेली. साप तर नाहीच, कातसुद्धा नाही.

"थंडी आहे ना," दीपक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन होतं. "उन्हामुळं आत गेलेत," दीपक म्हणाला. त्यानंतर वारा निघाला, तोही कारणी लागला.

"दीपकशेठ," सरदार दगडावर बसत म्हणाला, "हितं उंदीर न्हाय, पानी न्हाय, सावली न्हाय. तुझी हितं बदली झाली असती तर तू ऱ्हायला असतास का?"

"सरकारी माणूस राहतो."

"व्हय, पर त्यो बी कुटुंब गावाकडंच ठिवतो."

दीपक हसला नाही. त्यानं पुढचा दगड उलटला. दगडाखाली दगडाच्या आकाराची ओल होती, आणि तीही वाळत चालली होती.

शनिवारी दुपारी कोऱ्हाळे बुद्रुकहून फोन आला. तोडीत धामण निघालीय, पोरं दगडं घेऊन उभी आहेत. दोघं मोटारसायकल दामटत गेले. चांगली पुरुषभर लांबीची, पिवळसर, तजेलदार धामण. पकडून बरणीत घातली, तिला हळदकुंकू झालं. गाडीला किक मारताना सरदार म्हणाला, "आता सोडू नगं."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी सोडू. दुपारी साहेब आलं की धरू."

"ही फसवणूक झाली."

"कशी काय? न्हायतरी माळावरच सोडनार व्हतास. आपन फकस्त टायमिंग जुळवतोय."

दीपकनं वाटभर विचार केला. जंक्शनच्या फाट्यावर पोचेपर्यंत त्याला पटलं. पटायला वाट थोडी लांब असावी लागते, इतकंच.

रविवारी सकाळी त्यानं धामणीच्या शेपटीवर जांभळा ठिपका दिला, फुंकर घालून वाळवला आणि टाकीजवळच्या दगडांच्या ढिगाऱ्यात तिला सोडलं. ती आत गेली. ढिगाऱ्याच्या एका बाजूला दीपक बसला, एका बाजूला सरदार. मग सरदारला चहाची तल्लफ आली. मग दीपकलाही आली. साप काय उठून फिरायला जाणारेत?

दुपारी दिग्विजय आला, साहेब आले, शिवाय बघायला गाव आलं. फोन बाहेर निघाले. दीपकनं हातमोजे चढवले, दोन शब्द बोलला आणि ढिगारा उपसायला घेतला. पहिला दगड, दुसरा दगड, मग बरेच दगड. ढिगारा इकडचा तिकडं झाला. मधे एक विंचू निघाला.

"ह्यो चालंल का?" कोणीतरी विचारलं.

"गप रं," दिग्विजय म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "सावकाश बघा, दीपकराव. घाई न्हाय."

ढिगारा संपला तसा दीपक बोरींकडे गेला, मग टाकीकडे, मग आठवडाभरात पाठ झालेल्या प्रत्येक बिळाकडे. गावातली माणसं आधी मागोमाग फिरली, मग दुरून बघत राहिली, मग क्रिकेटच्या गप्पा मारू लागली. तेवढ्यात माळाच्या उतारावरून सरदारची हाक आली. हाकेत घाई नव्हती. त्यावरूनच दीपकला कळलं.

खाली डांबरी रस्ता होता. अलीकडं माळ, पलीकडं पाटाचं पाणी आणि हिरवागार ऊस. रस्त्याच्या मधोमध धामण होती. उसाच्या ट्रॅक्टरची दोन्ही ट्रेलरं तिच्यावरून गेली असावीत. तोंड उसाकडं होतं. शेपटीवरचा जांभळा ठिपका चकचकीत, नवा.

"माळावरचाच आहे का हा?" साहेबांनी विचारलं.

"सकाळी होता," दीपक म्हणाला.

दिग्विजय घुटमळला. "मेल्याला धरता येत न्हाय, दीपकराव. न्हायतर मी धरला असता."

साहेब रस्त्याच्या कडेनं थोडं चालत गेले आणि गवतात वाकले. जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं काहीतरी त्यांनी काडीनं उचललं. वाळून कडक झालेला साप. शेपटीवर लालसर ठिपका. पुढे आणखी एक पट्टा, त्याच्यावर जांभळा. रस्त्याकडेच्या चारीत, मोरीच्या तोंडाशी, पाण्याबरोबर वाहून आलेल्या कचऱ्यात, बरेच अडकलेले होते. एक तर गुलाबी होता.

"हे रंग कसले?"

"नेलपेंट आहे. सोडताना लावतो. कात टाकली की जातं."

बोलून झाल्यावर दीपकला आपलं वाक्य ऐकू आलं. ठिपके गेलेले नव्हते. कात टाकेपर्यंत यातला एकही जगला नव्हता. सापाला आपलं बीळ, आपलं पाणी, आपले उंदीर ठाऊक असतात. अनोळखी माळावर टाकलं की तो त्यांच्याकडे निघतो. माळाचा उतार रस्त्याकडं होता.

साहेबांनी काडी खाली ठेवली. "मी अहवालात एवढंच लिहितो की साप आढळला नाही," ते हळू म्हणाले. ही त्यांच्याकडून मोठीच मेहेरबानी होती.

घरी गेल्यावर स्वरालीचा फोन आला. "बाबा, दिसला का साप?"

"दिसला," दीपक म्हणाला.

त्याच्या बायकोनं, मनिषानं, ताटावर बसलेल्या दीपककडं बघितलं आणि दुसरी भाकरी वाढली नाही. तो पहिलीच मोडत बसला होता.

पंधरवड्यात माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. दीपकनं फोन घेणं सोडलं. मग कोऱ्हाळ्याच्या ठमाबाईंनी सरदारच्या दुकानात फोन केला. कणगीपाशी नाग बसलाय, नातू कुऱ्हाड शोधतोय. सरदार बरणी घेऊन क्वार्टरच्या दारात उभा राहिला. दीपकनं चपला घातल्या.

नाग तरुण होता. बरणीतही फडा काढून बसला. ठमाबाईंनी हळदकुंकू वाहिलं.

"ठमामावशी," दीपक म्हणाला, "याला इथंच मागच्या उसात सोडतो. याचं घर तिथंच आहे. तो तुमच्या वाटेला जाणार नाही."

ठमाबाईंनी पदर सावरला. "लेकरा, माझी नातवंडं परसाकडं तितंच जात्यात."

"मग पाटाकडेला?"

"तितं आमचं पाव्हणं ऱ्हात्यात," शेजारचा म्हणाला. "आनि एवढा मोठा माळ हाय की तुमचा. आजपातूर सोडतच व्हता न्हवं? आता काय झालं?"

वाटेत दोन गावांत विचारून बघितलं. एका ठिकाणी काठ्या निघाल्या, दुसऱ्या ठिकाणी चहा निघाला, पण बरणी फाटकाबाहेर ठेवायच्या अटीवर. ऊन उतरायला लागलं तेव्हा मोटारसायकल आपोआप वळावी तशी माळाकडं वळली.

चुन्याच्या रेघेपलीकडं दीपकनं झाकण काढलं. नेलपेंटची बाटली खिशात होती, ती खिशातच राहिली. नाग बाहेर आला, थांबला, जीभ काढून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि उताराला लागला. दीपक त्याच्या पुढं पळाला. रस्त्यावर जाऊन त्यानं दोन्ही हात आडवे केले. उसाचा ट्रॅक्टर करकचून थांबला. मागं दुसरा थांबला, त्यामागं तिसरा. पहिल्यावर गाणं मोठ्यानं लागलेलं होतं.

"कुठं जायाचंय?" ड्रायव्हरनं आवाज कमी करून विचारलं.

"कुठं नाही. एक साप जाणार आहे."

ड्रायव्हरनं रस्ता बघितला. रस्ता रिकामा होता. नाग चारीच्या काठावरच्या गवतात शिरून बसला होता. ट्रॅक्टरांची धडधड जमिनीतून लागत असावी. तो पुढं येईना आणि मागंही जाईना. मागचे ड्रायव्हर भोंगे वाजवायला लागले. लांबपर्यंत उसाची रांग लागली. कोणीतरी उतरून आलं, कोणीतरी शिवी दिली, कोणीतरी दीपकला ओळखून म्हणालं, "सर्पमित्र हायेत ते, दमा जरा." लोक दमले. पण दमून दमून किती दमणार?

शेवटी सरदारनं त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. "चल."

दीपक मागं बसला. रिकामी बरणी मांडीवर, तिच्यावरचं कुंकू अजून ओलं. त्यांच्या पाठीमागं ट्रॅक्टर एकेक करून गिअरमध्ये पडत गेले आणि गाणं पुन्हा मोठं झालं. सरदारनं गाडी पहिल्यात टाकली, आणि निघण्याआधी हात लांब करून आरसा आभाळाकडं वळवून ठेवला.