सावटाचे संवाद

वीजराजाची चित्रकथा छापणारं साप्ताहिक तीस वर्षांपूर्वी अचानक बंद पडलं आणि आपला नायक कड्याला लोंबकळत राहिला तो राहिलाच. त्याला वर ओढून काढलं डोंबिवलीच्या वल्लरीने. चार वर्षांत सहा भाग, आणि आता शहाण्णव पानांचा शेवट. नोकरी सांभाळून लिहिलं तिनं, काढलं तिनं, रंगवलंही तिनंच. कव्हरवर मात्र ‘कथा-संवाद : केदार’. हा केदार तिचा कॉलेजातला मित्र. पानं इंटरनेटवर चढवायची, एवढंच त्याचं काम. पण बोलण्यात असा पटाईत, की चाहत्यांनी त्यालाच डोक्यावर घेतलं.

शेवटच्या भागाच्या वेळी तर त्याने कमालच केली. ‘मला अपलोड करायला टाइम नाहीये, तेही तूच कर. नाव माझंच टाक,’ म्हणाला. एक पान उघडून पाहिलं नाही पठ्ठ्याने. वल्लरीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडली असती तर लोकांनी तिलाच जळकी ठरवलं असतं. तिने गुपचूप त्याने तिला पाठवलेले जुने मेसेज काढले आणि सावट नावाच्या खलनायकाच्या तोंडी जसेच्या तसे घातले. आता केदारची जिरवायची, आणि तीही त्याच्या भक्तांसमोरच.

नव्या भागाचं पहिलं वाचन कोलशेतला पंढरीशेटच्या इमारतीत, तळमजल्यावर व्हायचं. पंढरीशेट जुने मिठागरवाले आणि वीजराजाचे त्याहून जुने चाहते. पानं भिंतीवर दाखवायची, एकेकाने एकेक पात्र वाचायचं आणि खलनायक लेखकाने वाचायचा, अशी तिथली रीत. म्हणून रविवारी माईक केदारच्या हातात आला.

सावटाने वीजराजाचं चिलखत घडवणाऱ्या इराला कोंडून ठेवलेलं. केदार गरजला, “तू फक्त हात चालव, डोकं मी लावतो!”

“शी! काय माणूस आहे!” पुढच्या रांगेतली ऋतिका ओरडली.

“तुझं नाव टाकलं तर आपल्याला सीरियसली कोण घेणार? आणि प्लीज, रडू नकोस. प्रोफेशनल हो जरा!” केदारचा आवाज आणखी चढला.

साठ माणसं बोंबलायला लागली. “मार त्याला वीजराज!” केदारचा भक्त विकी खुर्चीवर चढला. वल्लरी केदारचा चेहरा न्याहाळत होती. तो आत्ता अडखळेल, मग अडखळेल. पण छे! गडी रंगात आलेला. त्याला स्वतःचे शब्द ओळखूच येत नव्हते. तिने ज्या वाक्यांपायी रात्र रात्र रडून काढली, ती त्याने चालता चालता टाइप केलेली असणार. याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

सावट मेला. टाळ्या थांबेनात. ऋतिकाने विचारलं, “केदार, इतका नीच माणूस सुचला कसा रे तुला?”

“सुचायला काय,” केदार छाती फुगवून म्हणाला, “शब्दन् शब्द माझा आहे.”

“अगदी खरंय,” वल्लरी मागून म्हणाली आणि तिने आणखी एक पान भिंतीवर आणलं. त्यावर चित्र नव्हतं. केदारचे मेसेज होते, तारीख-वेळेसकट, वर त्याचा हसरा फोटो.

वाचायला लोकांना अर्धं मिनिट लागलं. विकी खुर्चीवरून खाली उतरला.

“आरं केदार,” पंढरीशेट चष्मा सावरत म्हणाले, “यो त तुजाच फोटू हाय ना रं?”

केदारच्या तोंडचं पाणी पळालं. “मस्करी चाललेली आमची,” तो पुटपुटला. कुणी हसलं नाही.

“मग आधीचे भाग कोणी लिहिले?” ऋतिकाने विचारलं.

त्याने वल्लरीकडे पाहिलं, हात जोडायचेच बाकी होते. तिला जराही दया आली नाही, उलट बरं वाटलं.

“वल्लरीने,” तो माईक बाजूला धरून म्हणाला.

“ऐकू नाही आलं रे,” वल्लरी म्हणाली. “माईकवर बोल.”