नावाची घागर

लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, मी भाव करायला लागले की दुकानदार हात जोडायचे. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनंच सांगते. आमचे हे, रेणुकादास मास्तर, सरकारी शाळेत शिकवायचे. पगार निजामाच्या हाली रुपयांत, आणि तोही कधी वेळेवर नाही. घर चालायचं ते माझ्या जिभेवर.

निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. पण ते शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? खेड्यांवर टोळ्या पडत होत्या. माणसं पोरंबाळं घेऊन सरहद्दीपलीकडे, बार्शीकडे निघाली होती. शहरात दिवसा सगळं सुरळीत दिसायचं, तरी दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघायची. आणि अशा दिवसांत बाजारात जुनी तांब्यापितळेची भांडी एकाएकी स्वस्त झाली. का झाली, हे मी स्वतःला विचारलं नाही. झाली, एवढं मात्र लगेच लक्षात आलं.

शुक्रवारी गुरुबसप्पाच्या दुकानात एक तांब्याची घागर दिसली. हा जुनी भांडी घ्यायचा आणि विकायचा. घागर काजळीनं काळीकुट्ट झाली होती, पण पत्रा चांगला जाड होता.

"आठ रुपये, अक्का."

"आठ? हिच्यावर नाव हाय की! दुसऱ्याच्या नावाची घागर माझ्या घरात मांडू?"

आमच्याकडे लग्नात लेकीला भांडी देतात ती तिचं नाव घालून. असलं भांडं जुन्या बाजारात आलं की त्याची किंमत उतरते, कारण परक्या नावाचं भांडं कुणाला नको असतं. हा माझा हुकमी मुद्दा. मी काजळीवरून बोट फिरवलं, अक्षरं हाताला लागली, तेवढ्यावर अर्धा तास वाद घातला. अक्षरं वाचली मात्र नाहीत. साडेपाच रुपयांना घागर घेतली आणि घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं.

चिंच आणि राख घेऊन न्हाणीत बसले. घासता घासता आधी एक तुळशीवृंदावन वर आलं, बोटाच्या पेराएवढं कोरलेलं. माझा हात थांबला. मग भराभरा घासलं. शेजारी अक्षरं निघाली. सौ. चंद्रप्रभा.

चंद्रप्रभा माझी धाकटी बहीण. आमच्या आईनं दोघींसाठी दोन घागरी एकदम घेतल्या होत्या, जोडीचा भाव करून. शिवाय नाव घालणाऱ्याकडून दोन्हींवर वृंदावन फुकटात काढून घेतलं होतं. दुसरी घागर समोरच पाण्यानं भरून ठेवलेली होती. तिच्यावर माझं नाव, इंदू. मी एकदा हिच्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे.

चंद्रप्रभा चाकूरजवळच्या एका खेड्यात दिली होती. ज्येष्ठात तिचा निरोप आला होता, 'इथं जिवाला घोर लागलाय, पोरांना घेऊन तुझ्याकडे येऊ का?' मी उठून आधी ज्वारीचा डबा पाहिला. धान्य रेशनवर, घरात खाणारी सहा तोंडं. मी उलट निरोप धाडला, 'पंचमीला ये माहेरपणाला.' पंचमीला तेव्हा दीड महिना होता. तोवर सगळं निवळेल असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, तोवर तिची तिथंच सोय लागेल असं वाटलं होतं.

आता तिची घागर माझ्या न्हाणीत होती. टोळीनं घर लुटलं असेल तर घरातली माणसं कुठं आहेत? आहेत की नाहीत?

यांना सांगितलं. यांनी आधी दाराला कडी घातली. मग म्हणाले, "इचारायला जाऊ नकोस. कुठून आली म्हणून आपण इचारलं, की पोलीस आपल्यालाच इचारतील." मी त्यांना भित्रे म्हणाले, पण त्या रात्री मीही बाहेर पडले नाही.

सकाळी हे शाळेत गेले आणि मी घागर कमरेवर घेतली, नाव अंगाकडे दाबून, वरून पदर. पाण्याला निघाल्यासारखी चालले. गंजाच्या कोपऱ्यावर दोन शिपाई उभे होते. त्यातल्या एकानं माझ्याकडे पाहिलं आणि मी पदर सारखा करत तिथंच थांबले. त्यानं तोंड फिरवलं तेव्हा कुठं पुढचं पाऊल पडलं.

"अशीच आणखी काही भांडी हायेत का? जोडीनं घेईन, भाव मात्र बराबर लावा," मी गुरुबसप्पाला म्हणाले. सूर नेहमीचाच ठेवला. तिची परात, तिचे डबे, पोरांचे वाळे यांपैकी काही इथं दिसलं तर घर लुटलं हे नक्की. म्हणून दुकानात नजर फिरवायचीही भीती वाटत होती.

"तेवढीच एक होती, अक्का."

"कुणी आणली?"

त्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं. "तसलं इचारू नका."

मी पदर बाजूला केला आणि नाव त्याच्यासमोर धरलं. "ही माझ्या बहिणीची हाय, गुरुबसप्पा."

त्याचा चेहरा उतरला. "लुटीचा माल न्हाई हो. तसला मी घेत न्हाई. बाई सोता आली होती, बुधवारी. संगं दोन लेकरं. पाय सुजले होते बाईचे."

जिवंत आहे! मी तिथंच फळीवर बसले आणि रडले.

"तिचा मालक होता संगं?"

"न्हाई दिसला."

"भाव केला का तिनं?"

असं का विचारलं ते त्याला कळलं नसेल. आमच्या आईची लेक आण्यासाठी दुकान डोक्यावर घेते. चंद्रप्रभा तर माझ्याहून चिवट होती.

गुरुबसप्पानं जरा आठवलं. "न्हाई. मी तीन म्हणलो, तिनं तीन घेतले. मोजले बी न्हाईत."

माझं रडणं थांबलं. तिच्यावर काय गुदरलं असेल हे त्याहून जास्त मला कुणी सांगायला नको होतं.

"कुठं गेली?"

"बार्शीचा रस्ता इचारला. मी म्हणलं, बाई, लेकरं लई दमलीत, लातुरात कुणी न्हाई का तुमचं?"

"मग?"

"न्हाई म्हणली."

त्या दुकानापासून माझं घर दोन गल्ल्यांवर होतं.

मी घागर उचलली. येताना नाव अंगाकडे दाबून आणलं होतं, आता ते बाहेर केलं. कोपऱ्यावर ते दोघे शिपाई अजून उभेच होते. भीती वाटत होतीच. पण मी घराकडे वळले नाही, बार्शीच्या रस्त्याला लागले. वाटेत कुणीतरी ते नाव वाचावं आणि म्हणावं, ही बाई आम्ही पाहिलीय.