नाथन पेलिंगचा दगड

मेंढपाळाला पुरताना मुठीत लोकर द्यायची. रविवारी चर्चला का आला नाहीस, असं देवानं विचारलंच तर दाखवायला, की मेंढरांमागे होतो.

चर्चच्या आवारातलं गवत कापायचं यंत्र. लाल, नवंकोरं.

बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल आवारात पुरायचं नाही. भिंतीपलीकडे, काटेरी झुडपांत.

आल्बर्ट टपेन वारला तो बायकोकडे पाठ करून.

ससेक्सच्या टेकड्यांखालच्या त्या गावाला मर्सी टपेनची फक्त फुलं दिसायची. नाथन पेलिंग या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या थडग्यावर ती तरुणपणापासून फुलं वाहत आली होती. नाथनला मागेपुढे कोणी नव्हतं. गावानं काय ओळखायचं ते ओळखलं. पबच्या बाकावरून कोणी विचारायचं, “टपेनबाई, आज नाथननं पिवळी मागवलीत का पांढरी?” ती म्हणायची, “त्याला रंग कळत नाहीत. तुझ्यासारखंच.” आल्बर्टनं कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

नाथनची पेटी बंद करण्याआधी कबर खोदणाऱ्या ओबेडनं मर्सीचं लेकरू गुपचूप त्याच्या कुशीत ठेवलं होतं. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडायच्या आतच गेलेलं. कळलं असतं तर ओबेडची नोकरी गेली असती आणि पोर उकरून भिंतीपलीकडे टाकलं असतं. नवऱ्याचं तोंड बंद राहील याची तिला खात्री नव्हती. म्हणून तिनं त्याला गावाचंच खरं मानू दिलं.

ओबेड गेला, आल्बर्टही गेला. मग तरुण पाद्री आला. सभेत म्हणाला, यंत्र फिरायला जागा हवी, थडग्यांचे जुने दगड भिंतीला टेकवून ठेवू, कुणाची हरकत? मर्सी उभी राहिली. नाथनचा तेवढा राहू द्या म्हणाली. पाद्र्यानं आदरानं विचारलं, तो आपला कोण? मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती खाली बसली.

दगड हलले, यंत्र फिरलं. तेव्हा कुठे ती पाद्र्याच्या दारात गेली आणि सगळं बोलली. त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

“मर्सीबाई, आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही त्याला बाहेर काढलं असतंत.”

“आता तसं कुणी करत नाही हो.”

“कधीपासून?”

त्यानं चहा खाली ठेवला आणि टोपी घेतली.

दोघं आवारात गेली. नाथनचा दगड भिंतीशी सापडला. दगड परत लावू, पाद्री म्हणाला. पण कुठे? जागा टिपून ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मर्सी तर इतकी वर्षं शेजारच्या दगडांच्या खुणेनं येत होती. आता सगळीकडे एकसारखी हिरवळ. तिनं फुलं एके ठिकाणी ठेवली, उचलली, जरा पुढे ठेवली, पुन्हा उचलली.

पाद्र्यानं टोपी काढली. बाळाचं नाव सांगा, प्रार्थना म्हणतो, म्हणाला.

“नाव बाप्तिस्म्यात ठेवतात,” मर्सी म्हणाली.

ओबेडनं पेटीचं झाकण ठोकलं तेव्हा नाथनची मूठ रिकामी होती. लोकर बाळाच्या खाली अंथरली होती.