बुटातला पंप

घरात कुणाला काही दुखणं आहे का, असं विचारलं की आपण सगळे एका सुरात काय म्हणतो? "छे हो, सगळं ठणठणीत!" विचारणारा पाहुणा असो, शेजारी असो, नाहीतर प्रत्यक्ष डॉक्टर. दुखणं सांगितलं म्हणजे जणू घराची अब्रूच वेशीवर टांगली!

या गोष्टीतल्या ताई तशाच. समोरच्या खोलीत शिवणयंत्र मांडून त्या पडदे, उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवत. हात साफ, जीभ धारदार, आणि घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे हा कडक नियम.

ताईंना दमा होता. त्यांच्या वडिलांनाही होता, पण त्यांच्या हयातीत तो शब्द घरात कुणी उच्चारला नाही. "बाबांना जरा कफ आहे," एवढंच. त्या कफानेच बाबा गेले, तरी लोकांसाठी तो शेवटपर्यंत कफच राहिला. ताईंनी तोच कित्ता गिरवला. तोंडाने औषध ओढून घ्यायचा त्यांचा पंप बटणांच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी असे. गिऱ्हाईक बसलेलं असताना छाती भरून आली की त्या म्हणत, "थांबा हं, जुळतं बटण बघते," आणि डबा घेऊन आत जात. एक बटण शोधायला ताईंना इतका वेळ का लागतो, असं कधी कुणाला वाटलं नाही. तसे आपण दुसऱ्याकडे बघतो तरी किती!

आईही लवकर गेली. मागे उरला धाकटा भाऊ. त्याला ताईंनी पोटच्या पोरासारखा वाढवला आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कधी काढलाच नाही. धाकटा मोठा झाला, बेकरीत कामाला लागला. दिवसभर पीठ चाळायचं, मळायचं. पिठाने भुवया पांढऱ्या करून घरी यायचा आणि म्हणायचा, "ताई, मी तुझ्याआधी म्हातारा झालो बघ." स्वभाव असा की रागावलेल्या माणसालाही हसू यावं. पण बाबांचा कफ त्याच्याही वाट्याला आला होता. डॉक्टरांनी त्याला दोन पंप दिले होते. एक सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायचा, दुसरा श्वास अडकला तर.

त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तिला सांगून टाकतो. उगाच मनावर ओझं नको."

"सांग! आणि बस मग जन्मभर ब्रह्मचारी," ताई कडाडल्या. "दमेकरी नवरा कोण पत्करील? मी नाही का इतकी वर्षं निभावलं? कुणाला कळलं?"

"पण पंप ठेवू कुठे?"

जागाही ताईंनीच सुचवली. लग्नासाठी घेतलेले काळे बूट. ते पुन्हा कोण कधी घालणार? पुढच्या टोकात पंप बसतो, वरून मोजा कोंबला की झालं. धाकटा हसला. ताईंचं ऐकायचं, एवढंच तो जन्मभर करत आला होता.

भावजय घरात आली आणि घर बोलकं झालं. ती नवऱ्यावर जीव टाकायची आणि त्याची यथेच्छ टिंगलही करायची. तो हळूच काहीतरी खिशात घालून न्हाणीघरात शिरायचा, नळ सोडायचा, आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. ती दारावर थाप मारून विचारायची, "काय हो, पाण्याशी गप्पा मारताय का?" बाहेर तिचं हसणं, आत याचा कोंडलेला श्वास. आणि शिवणयंत्राशी खाली मान घालून बसलेल्या ताई. चोरून घ्यायचं औषध वेळेवर थोडंच घेतलं जातं! रोजचा पंप हुकू लागला, मग सुटलाच. बुटात उरला तो फक्त अडीअडचणीचा.

ती दुपार सुट्टीची होती. ताई पडदे पोचवायला गेल्या होत्या. भावजयीने गाद्या-उशा झटकायला काढल्या होत्या, आणि शेजारी कुणी दाराला रंग देत होतं. धूळ काय, वास काय, निमित्तच झालं. ताई परत आल्या तेव्हा दारात गर्दी होती. रुग्णवाहिका आली होती, पण तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

धाकटा भिंतीला टेकून बसला होता. पायांत त्याचे रोजचे बूट होते आणि नाड्या नीट बांधलेल्या होत्या.

पुढचे कित्येक दिवस भावजय भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिली. "त्यांना बोलता येत नव्हतं हो. रॅकवरच्या बुटांकडे बोट दाखवत होते. मला वाटलं, डॉक्टरकडे चला म्हणतायत. म्हणून मी त्यांच्या पायांत बूट घातले. ते मान हलवत होते, नाही नाही करत होते, आणि पुन्हा तिकडेच बोट. मी म्हटलं, घातले ना बूट, आता उठा! नाड्यासुद्धा बांधल्या मी. नाड्या बांधत बसले नसते, तर वेळेवर पोचले असते का हो ते?"

लोक म्हणत, "तुझा काय दोष? आयुष्याची दोरीच तेवढी." ती मान हलवायची आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच विचारायची.

एकट्या ताईंनाच कळलं होतं की तो कुठले बूट दाखवत होता. तो गेला त्याच दिवशी, घर रिकामं झाल्यावर त्यांनी रॅकच्या वरच्या फळीवरचा काळा बूट उचलला, मोजा बाजूला केला. टोकाशी पंप हाताला लागला, भरलेला. त्यांनी तो बटणांच्या डब्यात टाकला. ज्या डब्यात त्यांचा स्वतःचा पंप होता, आणि जो त्या दुपारी घरातच होता. घरात दोन पंप, आणि भावजयीला एकही ठाऊक नसावा! पण ताईंच्या तोंडाचं कुलूप उघडलं नाही. भावजय दिवसेंदिवस खंगत चालली, जेवायला बसली की घास तसाच हातात राहायचा, आणि ताईंना डोळ्यांनी सगळं दिसत होतं.

एकदा त्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानातले काका त्यांना लहानपणापासून ओळखत. त्यांनी न मागताच पंप काढला आणि नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. मग हात थांबवून म्हणाले, "धाकट्यालाही मी असाच गुंडाळून द्यायचो. आता वाटतं, हा कागद मीच का गुंडाळत बसलो?"

ताईंनी पैसे मोजायला घेतले.

"नावं कुणाची सांगणार नाही मी. पण या एका गल्लीत किती पंप जातात माहीत आहे? शिकलेले नेतात, कष्टकरी नेतात, तरणेताठे नेतात. आणि प्रत्येकाला वाटतं, हे भोग माझ्या एकट्याचेच! गल्लीत एवढे, तर शहरात किती, देशात किती असतील, कर विचार. चष्मा लागला तर लपवतो का आपण? मग श्वासाचीच एवढी लाज कसली?"

"सवय लागते म्हणतात, काका. लोक नावं ठेवतात."

"अगं, सवय लागत नाही. औषध आहे ते, वेळेवर घेतलं तर माणूस उभं आयुष्य धडधाकट जगतो. लोक नावं ठेवतीलही. पण नावं ठेवून घ्यायला माणूस जागेवर तरी हवा ना!"

ताई घरी परतल्या त्या पाय ओढत.

पुढच्याच आठवड्यात आरोग्य पाहणीच्या बाई दारात आल्या. देशात प्रौढ माणसांमध्ये कुठले आजार किती आहेत, ते घरोघरी विचारत फिरत होत्या. चेहरा दमलेला, बहुतेक दारांत "काही नाही" ऐकूनच आल्या असाव्यात. भावजयीने त्यांना पाणी दिलं. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही.

"घरात कुणाला दमा?"

"नाही हो," भावजय भाबडेपणाने म्हणाली. "आमच्याकडे दमा कुणालाच नाही."

ताईंच्या शिवणयंत्राचं चाक थांबलं. बाबांचा कफ, नळाचं पाणी, बांधलेल्या नाड्या, सगळं त्या एका "नाही"त होतं. आणि हे "नाही" बोलायला या घराला शिकवलं कुणी?

"आहे!" ताई ओरडल्याच. "लिहा बाई, आहे!"

त्यांनी डबा उचलला आणि जमिनीवर पालथा केला. बटणं खोलीभर घरंगळली. मधोमध दोन पंप पडले.

"हा माझा. आणि हा त्याचा," ताई म्हणाल्या. "लग्नातल्या बुटात होता. मीच ठेवायला सांगितला होता. तो तुला बूट घाल म्हणत नव्हता गं. बुटातलं औषध दे म्हणत होता. तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं!"

भावजय बघतच राहिली. खाली बसून तिने नवऱ्याचा पंप उचलला.

"म्हणजे इतकंच सांगितलं असतं, तर?" ती पुटपुटली. "मी काय टाकलं असतं त्यांना?"

ताईंना हुंदका आला, हुंदक्यामागून खोकला, आणि छातीतून ती ओळखीची शिट्टी वाजू लागली. त्या भिंतीचा आधार घेऊन खाली बसल्या, धाकटा बसला होता तिथेच. सवयीने त्यांनी तोंडावर पदर घेतला.

भावजयीने तो पदर बाजूला ओढला. जमिनीवरचा दुसरा पंप त्यांच्या हातात दिला. "आधी घ्या. माझ्यासमोर घ्या."

ताईंनी घेतला. जन्मात पहिल्यांदा, उजेडात, माणसांदेखत. हळूहळू श्वास सुरळीत झाला. पाहणीच्या बाई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची नोंद मला करता येत नाही, ताई. तुमची करते."

"करा," ताई म्हणाल्या. "आणि पुढच्या दारात 'नाही' म्हणाले, तर माझं नाव सांगा."

पाहणीच्या बाई गेल्यावर दोघी बटणं वेचत बसल्या. भावजयीने ताईंना माफ केलं की नाही, कोण जाणे. कदाचित अजूनही केलं नसेल. पण डबा भरल्यावर तिने ताईंचा पंप त्यात जाऊ दिला नाही. दाराशी किल्ल्या अडकवायच्या खिळ्याला छोटी पिशवी टांगून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा तिथे ठेवला.

वाचकहो, दमा आपल्यातल्या कितीतरी मोठ्या माणसांना आहे. कदाचित तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही. त्याच्यावर औषध आहे. लपवण्यावर मात्र कुठल्याच दुकानात औषध मिळत नाही. म्हणून निदान घरच्या माणसांना तरी सांगा. आपण बोट दाखवू तेव्हा काय द्यायचं, हे त्यांना कळलं पाहिजे.

त्या संध्याकाळी भावजय ताईंसमोर येऊन बसली. हातात नवऱ्याचा पंप होता.

"ताई," ती म्हणाली, "हा कसा द्यायचा असतो, ते मला शिकवा."