हलका गडी

रविवारच्या दुपारी सिद्धनाथ कागदावर राक्षस तयार करत बसला होता, आणि तेही मुद्दाम मरतुकडे. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण त्याच्या तळहाताला घाम सुटला होता, आणि सांगतो, त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही सुटला असता.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. सिद्धनाथ सोलापुरात एका कचेरीत नकाशे काढायचा आणि शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहायचा. तीन महिन्यांपूर्वी त्याची थोरली बहीण विजयमाला माळशिरसहून नवऱ्याला आणि तान्ह्या पोरीला घेऊन त्याच्याकडे आली होती. नवरा मानसिंग, पैलवान. माघात एका जत्रेच्या फडात त्याच्या हातून समोरच्या गड्याची मान मोडली. रावजी नाव त्याचं. जागच्या जागी गेला. पोलिसांनी अपघात लिहिला, पंचांनी बिचाऱ्याचं नशीब म्हटलं आणि सगळे आपापल्या घरी गेले. मानसिंग तेवढा त्या मातीतच राहिला.

तेव्हापासून या धिप्पाड माणसाला कुणाला हात लावायचीच धास्ती. पुढं पोरगी झाली. 'मान धरू दे आधी, मग घेतो,' म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. आता ती चार महिन्यांची झाली, मान धरून टुकूटुकू बघायला लागली, तरी हा आपला दोन्ही हात मांड्यांखाली दाबून भिंतीला टेकलेला. शनिवारी त्यानं बायकोला सांगितलं की उद्याचा दिवस जाऊ दे, सोमवारी तुला आणि पोरीला माळशिरसला पोचवतो. मी कुठं जातो ते विचारू नको.

विजयमालानं भावाला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, "सिदा, ह्यो मानूस परत यायचा न्हाय." आडाचा दोर तिनं तांदळाच्या पोत्यामागं लपवला होता. सिद्धनाथनं तो पाहिला आणि तिला कशाची भीती आहे ते त्याला कळलं.

आता त्याच्या हाताशी होतं काय, तर एक खेळ. वीरभद्रप्पा म्हणून त्याचा दोस्त, त्याच्या अमेरिकेतल्या भावानं धाडलेल्या तीन पातळ वह्या आणि नाना कोनांचे फासे. एकानं गुहा आणि तिच्यातले शत्रू रचायचे, दुसऱ्यानं वीर होऊन आत शिरायचं. मारामारी फाशांवर. प्रत्येक शत्रूला आकड्यात जीव दिलेला, तो संपला की शत्रू संपला. सिद्धनाथच्या डोक्यात आलं, वस्ताद नव्या पोराला आधी हलकी जोड लावून देतो, दोन कुस्त्या मारू देतो, मग पोराची भीड चेपते. दाजींना तेच औषध द्यावं. शहाणपणच ते, नाही म्हणायला जागा नाही. पण औषध लागू पडायला दुखणं कळावं लागतं.

शनिवारी संध्याकाळीच त्यानं पहिला शत्रू आणला होता. कमरेइतका खुजा, हातात गंजका विळा, जीव एक. मानसिंगनं मेहुण्याचं मन मोडायला नको म्हणून फासा टाकला. सिद्धनाथ हौसेनं ओरडला, "मेला!" मानसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. "एकाच फटक्यात?" एवढंच त्यानं विचारलं आणि जेवायलाही उठला नाही.

म्हणून रविवारी सकाळी सिद्धनाथनं खुज्याला सहा जीव दिले, आणि तीन गेले की तो पळणार असं ठरवलं. तरी मानसिंग दर खेपेला आधी विचारायचा, ह्याचा जीव किती उरला? दोन फासे टाकले आणि थांबला. तिसरा हातात धरून बसला तो बसलाच.

आता दुपारी सिद्धनाथनं सगळं खोडलं. शत्रूला जीवाचा आकडाच ठेवला नाही. पाठ मातीला लागली की हरला, उठून अंग झाडायचं आणि घरी जायचं. फडाचाच नियम, त्याला आधी सुचला नव्हता इतकंच.

"मरनार न्हाय?" मानसिंगनं विचारलं.

"न्हाय."

"फाशानं ठरवलं तरी?"

"तरी न्हाय, दाजी."

मानसिंगनं हात मांड्यांखालून काढले आणि खेळायला लागला. पहिला खुजा चीत केला, दुसरा केला. सिद्धनाथला वाटलं, जमलं बुवा. तिसरा पुढं आला तसा मानसिंग म्हणाला, "लई हलका गडी दिलास."

सिद्धनाथ म्हणाला, तुमच्यासाठीच तर केलाय.

"मीबी मागितला हुता," मानसिंग म्हणाला.

मग तो खाली बघत बोलत राहिला. त्या साली दोन कुस्त्या हरला होता. तिसरी सासरच्या माणसांदेखत हरायची लाज वाटली, म्हणून जोड ठरवणाऱ्या पंचाला त्यानं बाजूला घेऊन हलका गडी द्या म्हटलं होतं. पंचानं रावजीला उभा केला. शेतातनं आलेलं पोरगं, हौसेनं लांग बांधलेली. पहिल्याच झटक्यात त्याची मान मानसिंगच्या काखेत आली.

"त्यानं अंग सोडलं, सिदा. मला कळलं हुतं. लोकं वरडत हुती, मला बरं वाटत हुतं. मी न्हाय सोडलं."

दारात विजयमाला पोरीला घेऊन उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती हलली नाही. आता ही पाठ फिरवते की काय, या भीतीनं सिद्धनाथला तिच्याकडं बघवेना.

मानसिंगनं कागदावर बोट ठेवलं. "ह्याला बोलता येतं का? त्याला 'सोडा' म्हनता आलं पायजे."

सिद्धनाथनं तसं लिहिलं. फासा पडला, खुजा काखेत आला. सिद्धनाथ खुज्याच्या वतीनं म्हणाला, "सोडा."

मानसिंगनं दोन्ही हात उघडले, सताड. विजयमाला येऊन त्याच्यासमोर खाली बसली आणि पोरगी पुढं केली. तो मागं सरकला, भिंतीला भिडला.

"हिला कुटं बोलता येतंय? ही कशी सांगंल, सोडा म्हनून?"

"रडंल की," विजयमाला म्हणाली. "लई मोट्यानं रडती. आयकू येतंय न्हवं तुमाला?"

मानसिंगनं बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

"येतंय," तो म्हणाला. "आन हिकडं."