बोळक्या तोंडातली कीड

गड्ड्याच्या यात्रेत यंदा आकाशपाळण्यापेक्षा मोठी गर्दी दंतनाथबाबाच्या पालापुढे होती. कारणच तसं होतं. बाबा दुखऱ्या दातातली कीड काढून दाखवत होता! परातभर पाणी, मध्ये दगडावर निखाऱ्यांचं खापर. दुखणेकऱ्यानं त्यावर तोंड वासून वाकायचं, वरून घोंगडी पांघरायची. बाबा खापरात धुरीची चिमूट टाकून गरजे, "काळी कीड, गोरी कीड, मुळातली कीड, कुळातली कीड, भाईर नीघ!" घोंगडी काढावी तो पाण्यात पांढरे किडे! लोक तोंडात बोटं घालत. ठणकती दाढ तेवढी सांभाळून.

निवृत्त हेडमास्तर गंगाधरपंत तिथं आले ते धुळाप्पा धनगराला शोधत. हा त्यांच्या घरी दरसाल घोंगड्या आणून देई. त्याची बायको मायाक्का तापानं फणफणली होती. गाल सुजून डोळा झाकला होता, जबडा जेमतेम बोटभर उघडत होता. पंतांनीच तिला डॉक्टरकडे पाठवलं होतं. 'वरची दाढ काढा, पू पसरला तर जिवावर बेतेल,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अरे, दवाखाना सोडून इथं?"

"वरची दाढ उपटली का डोळा जातो म्हंत्यात, गुरुजी. बाबा लई गुणी हाय. परवा ढीगभर किडं पडलं की!"

"मग तोंड का उघडत नाही?"

"आजून किडं ऱ्हायल्यात म्हनं. आज दुसरी धुरी."

त्याला धरून उभी असलेली मायाक्का मटकन खाली बसली. आता उपदेश करत बसण्यात अर्थ नव्हता.

"बाबा, आधी मी! माझी दाढ ठणकतेय," म्हणत ते पुढं घुसले.

पंतांना दातांची कवळी होती. ती टोचे, म्हणून तोंडापेक्षा कोटाच्या खिशातच जास्त असे. "दात केले ते तुम्हाला का कोटाला?" असं त्यांच्या पत्नी यशोदाबाई विचारीत. आज यात्रेसाठी म्हणून ती तोंडात होती. घोंगडीखाली शिरताच पंतांनी ती गुपचूप काढून खिशात टाकली.

बाबा गरजला. घोंगडी उचलली. पाण्यात किडेच किडे!

"बघा, मास्तरांच्या दाढंत केवढं वारूळ!"

"कुठल्या दाढेत?" पंतांनी तोंड वासलं. आत औषधालाही दात नव्हता.

गर्दी पुढं सरकून त्यांच्या तोंडात डोकावू लागली. पण मग पंतांनी बोलायला सोपं जावं म्हणून कवळी बसवली, आणि तिथंच घोटाळा झाला.

"दात उगवलं! गुरुजींना दात उगवलं!" एका म्हातारीनं पायांवर लोटांगणच घातलं.

"माज्याच धुरीचा परताप!" बाबानं संधी साधली.

"अहो आजी, उठा! हे दात पुण्याच्या दंतवैद्यानं बनवून दिलेत," पंत वैतागले. त्यांनी कवळी काढून पुन्हा बसवून दाखवली. मग घोंगडी दूर फेकली, बाबाच्या बटव्यातली चिमूट उचलली आणि स्वतःच खापरात टाकली. तडतड आवाज झाला. बिया फुटल्या, त्यांतले पांढरे तुकडे उडून पाण्यात पडले आणि वळवळल्यासारखे तरंगू लागले.

"आता ही कीड कुणाच्या दातातली? परातीच्या? हे रिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं बी आहे. तापलं की फुटतं आणि आतला कोंब पाण्यात पडतो. धुरानं कळ घटकाभर बधिर होते, म्हणून बरं वाटतं. दात मात्र आत किडतच राहतो."

लोकांनी बाबाकडे पाहिलं. बाबा पालाच्या मागच्या बाजूनं केव्हाच पसार झाला होता.

"पन डोळा?" धुळाप्पा पुटपुटला.

"माझे वरचे-खालचे सगळे दात उपटलेत. तरी तुझ्या मुंडाशाला पडलेलं भोक मला इथून दिसतंय."

मायाक्का धडपडत उठली. "चला की दवाखान्यात," ती दातांवर दात ठेवूनच बोलली, "मला जगायचं हाय."

दाढ निघाली, पू निचरला, डोळा शाबूत राहिला. पंधरवड्यानं मायाक्का पंतांच्या ओसरीवर बसून ज्वारीची भाकरी चावत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, "गुरुजी, मी धुरीच घेत ऱ्हायले असते तर?"

धुळाप्पानं मान खाली घातली. पंतांची कवळी नेमकी खिशात होती.

म्हणून आपणच बोलू. बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा घोंगडी उचलून पाहा.