आठवी ‘ब’साठी मागितलेली प्रार्थना

मला मोबाइलवर लिहिता येत नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मी बोट दाबून धरते आणि बोलते. बाकीच्या बायका ‘प्रार्थना करा’ एवढंच लिहून जोडलेले हात पाठवतात. मी बोलले की पाच मिनिटं बोलते. देवापुढे अर्धवट काय मागायचं?

त्या सोमवारी मी माझ्या सुनेसाठी मागितलं.

सून स्वप्ना ठाकुर्लीच्या एका शाळेत मराठी शिकवते. आठवी ‘ब’ तिच्या गळ्यात पडलेली. बावन्न पोरं. तिनं फळ्याकडे तोंड केलं की मागून कुत्री भुंकतात, मांजरं ओरडतात. खुर्चीला च्युइंगम. गृहपाठ विचारला तर, “बाई, आम्ही आहोत म्हणून तुमचा पगार आहे!” जूनपासून पोरगी अर्धी झाली. कोपरला आमच्या घरी यायची आणि चपला न काढता भिंतीकडे बघत बसायची.

मी म्हणायचे, “अगं, दोन ठेवून दे कानाखाली.”

“आई, मुलांना हात लावता येत नाही आता.”

“मग जीभ लाव. तुझी नसेल तर माझी घेऊन जा.”

तेव्हा हसायची तरी.

एक दिवस मात्र खरंच हसत आली. त्या वर्गाची म्होरकी संचिता नावाची पोरगी. ती बोट वर करील तिकडे वर्ग पळणार. ती मधल्या सुट्टीत स्वप्नाजवळ येऊन रडली होती. तिचा बाप गणपतीपासून घरी नव्हता, त्यानं दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं. वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं.

“आई, आज तिनं पहिल्यांदा वही तपासायला दिली,” स्वप्ना म्हणाली. “ही वळली की बाकीचे वळतील. मी रोज एवढंच मागत होते देवाकडे. पण कोणाला बोलू नका हं.”

मी कोणाला बोलले नाही. देवाला बोलले. ग्रुपवर.

“हे प्रभू, आठवी ‘ब’ची पोरं ताठ मानेची आहेत, त्यांची मान वाकव. त्यात ती संचिता. तिच्या बापानं बाहेर घर केलंय, अशा घरात सैतान शिरायला काय उशीर...” असं बरंच. सगळ्या बायकांनी हात जोडले. मला बरं वाटलं. त्या रात्री मी छान झोपले.

मंडळातल्या वैशालीला गहिवरून आलं. तिनं ते आपल्या बहिणीला पाठवलं, बहिणीनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आणि बुधवारी माझा आवाज आठवी ‘ब’च्या मागच्या बाकावर वाजला.

स्वप्ना घरी आली ती दारातच उभी राहिली. फोन काढून माझंच बोलणं तिनं मला ऐकवलं. पोरांनी खाली ढोलकी जोडली होती.

“प्रार्थनाच केली ना?” मी म्हटलं. “शिव्या तर नाही दिल्या!”

ती ओरडली असती तर मी दोन शब्द परत दिले असते. ती ओरडली नाही.

“एकच मुलगी माझ्याजवळ आली होती, आई.”

“काय म्हणाली ती?”

“काही नाही. वही फाडली आणि माझ्या टेबलावर ठेवली.”

त्यानंतर स्वप्नानं वर्गात तोंड उघडलं की बावन्न पोरं एका सुरात म्हणायची, “मान वाकव, प्रभू!” शनिवारी तिनं राजीनामा लिहिला. माझा मुलगा रत्नदीप म्हणाला, जरा थांब. ती म्हणाली, “देवानंच मला तिथे पाठवलंय असं समजत होते मी. आता तिथे त्याचं नाव ऐकलं की वर्गातून पळून जावंसं वाटतं.” पाकीट चिकटवलं. सोमवारी देणार.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर घ्यायचा दिवस. आमच्यात रीत आहे, कोणाशी वाकडं असेल तर भाकर घ्यायची नाही, आधी जाऊन नीट करायचं. बेचाळीस वर्षांत मी एकदाही बसून राहिले नाही. जे बसून राहतात त्यांच्याकडे मान वळवून बघत मात्र आले.

भाकर घ्यायला आमची रांग उठली. स्वप्ना उठेना.

“ऊठ, लोक बघताहेत,” मी कुजबुजले.

“मी कशी घेऊ, आई? आज सकाळी मनात आलं, ती शाळा जळून जावी. मुलांसकट. असं मनात आलं माझ्या.”

ही पोरगी झुरळसुद्धा मारत नाही, कागदावर घेऊन बाहेर सोडते.

“आणि माझ्याशी वाकडं आहे?” मी विचारलं.

“तुमच्याशी पण.”

उभी होते, मीही खाली बसले. वैशालीनं मान वळवून बघितलं.

उपासना संपल्यावर आमच्या चर्चचे पाळकसाहेब जवळ आले. माझ्या रत्नदीपपेक्षा लहान आहेत. मी सगळं सांगितलं.

“सुनेची माफी मागितलीत?”

“मागेन.”

“आणि त्या मुलीची? वर्गाची?”

“तेरा वर्षांच्या पोरीची? मी?”

“कांतामावशी, मान वाकव म्हणालात. कोणाची, ते देवावर सोडायचं होतं.”

“फार शिकलात हो तुम्ही,” असं म्हणून मी तणतणत घरी आले. जेवले नाही. कोणी विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी साडी नेसून दारात उभी राहिले. स्वप्नाला म्हटलं, “तुझी माफी मागायला मला शब्द जुळत नाहीत. पाकीट खुशाल दे. पण आधी मला त्या वर्गात ने.” मुख्याध्यापिकेनं पाच मिनिटं दिली.

तोंड उघडताच पोरांनी आवाज ओळखला. “अरे, मेसेजवाली आजी!” बाकं बडवायला लागली.

मी टेबलाची कड धरली. “मी तुमच्याबद्दल बोलले ते बोलायला नको होतं. तुमच्या बाईंनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी राहिले नाही. चूक माझी. बाईंवर राग काढू नका. मला माफ करा.”

“मान वाकव, प्रभू!” मागून एकजण ओरडला. अख्खा वर्ग फुटला.

मग मी वाकले. हात जोडून, कमरेत वाकले. हसणं वाढलं. डोक्यावरचा पदर घसरला, आणि हात जोडलेले म्हणून सावरताही येईना. नवऱ्यापुढे, सासूपुढे, कोणापुढे म्हणून मी अशी उभी राहिले नव्हते.

खिडकीजवळची एक पोरगी हसत नव्हती. मी ओळखलं.

“झालं?” ती म्हणाली. “जा आता.”

“जाते गं बाळा.”

“बाळा म्हणू नका.”

“बरं.”

बाहेर व्हरांड्यात येऊन मी भिंतीला टेकले आणि रडले. देवाला म्हटलं, वाकले, तरी काही झालं नाही. काहीच झालं नाही रे बाबा. मी मोडलेलं घर मलाच बांधता येत नाही, आता तू बघ.

आतून स्वप्नाचा आवाज आला. “बसा खाली. पुस्तक उघडा.” गोंगाट. “पुस्तक उघडा.” गोंगाट. पुन्हा तेच. नाक पुसत मी ऐकत राहिले. तास संपेपर्यंत ती तेवढंच म्हणत होती.

संध्याकाळी विचारलं, “दिलंस पाकीट?”

“नाही.”

“का गं?”

“तुम्ही वाकलात तेव्हा मी मागे उभी होते. एवढी हसतात, आता या पडतील असं वाटलं मला. तुम्ही पडला नाहीत.” मग म्हणाली, “उद्याचं उद्या बघू.”

आम्ही दोघींनी प्रार्थना केली. फोन आतल्या खोलीत ठेवला होता. ती आधी बोलली, अडखळत एका एका पोराचं नाव घेत गेली. पंधराव्या-सोळाव्या नावाला रडू लागली, तेव्हा मी नुसता तिचा हात धरला.

नंतर तिनं ती फाडलेली वही काढली आणि पानाला पान लावून चिकटपट्टी मारत बसली. मी पट्टी कापून देत होते. दुसऱ्या दिवशी वही वर्गातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. बुधवारी तिथेच. गुरुवारी तिथेच, वर कोणीतरी पेनानं सैतानाचं शेपूट काढलेलं. मंडळाच्या बैठकीत वैशालीनं विचारलं, “मावशी, काही विनंती?” मी म्हटलं, “आहे. पण तुला सांगणार नाही.”

शुक्रवारी स्वप्ना आली. चपला काढल्या. पाकीट पर्समध्येच होतं, मला दिसलं.

“वही टेबलावर नाही,” ती म्हणाली.

“संचितानं लिहिलं काही?”

“माहीत नाही, आई. नेली, एवढंच.”